वायरमनचा कोर्स

आई: म्हणजे कॉलेजची जागा सोडून आलीस? मला न विचारता?

मुलगी: विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?

आई: कानाखाली वाजवली असती.

मुलगी: म्हणून तर नाही विचारलं.

आई: जीभ आवर. दहावीला अख्ख्या शाळेत पहिली आलीस. बाई घरी येऊन सांगून गेल्या, हिला विज्ञानाला घाला, पोरगी नाव काढेल. आणि तू काय घेतलंस? वायरमनचा कोर्स! पक्कड आणि टेस्टर घेऊन फिरणार का आता?

मुलगी: कोर्स झाला की काम मिळतं, आई. शेजारचा दादा बघ, डिग्री घेऊन घरीच बसलाय.

आई: बसू दे. बसलाय, पण जिवंत आहे ना!

मुलगी: झालं तुझं सुरू.

आई: अगं, दुसरं काहीही शीक. शिवण शीक, केस कापायला शीक, मी हूं की चूं करणार नाही. पण वीज नको. तुझ्या बाबांना खांबावरून खाली उतरवलं तेव्हा मी तिथे होते. तू नाही पाहिलंस ते.

मुलगी: तूच पाहू दिलं नाहीस.

आई: नव्हतेच देणार. चेहरा बघण्यासारखा ठेवला होता का त्या तारेनं?

मुलगी: पण नंतर बाबांच्या वीज ऑफिसचे साहेब आले होते, ते मला आठवतंय. याच खुर्चीत बसले होते. म्हणाले, लाइन बंद व्हायच्या आधीच हे वर चढले, त्यांचाच हलगर्जीपणा.

आई: त्या मेल्याचं नाव काढू नकोस माझ्या घरात.

मुलगी: आणि तू मान डोलावलीस.

आई: मग काय करणार होते? फीडर म्हणे, अर्थिंग म्हणे, काय काय बोलत होता. मला त्यातलं काय कळतंय? भांडायचं तरी कशावरून? मी आपली बरं बरं म्हणत बसले.

मुलगी: म्हणूनच मी जातेय. बाबा घरातला बल्ब बदलतानासुद्धा मेन स्विच बंद करायचे. पंखा थांबला म्हणून तू करवादायचीस. तो माणूस चालू तारेला हात लावेल?

आई: नाही लावणार.

मुलगी: मग ती लाइन कुणी चालू केली? चढणाऱ्यानं आधी काय काय बघायचं असतं? मला सगळं शिकायचंय. कॉलेजात कुणी शिकवणार आहे का हे?

आई: कॉलेजात निदान मरत तरी नाही कुणी.

मुलगी: आई, ऐक ना…

आई: तू ऐक. तुला वाटतं, मला हे सुचत नाही? भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, दुसरं असतं काय माझ्या डोक्यात? त्यांची चूक नव्हती, एवढं एकच मनाशी धरून बसलेय मी. त्याच्यावरच दिवस काढलेत.

मुलगी: नव्हतीच ना!

आई: तुला काय माहीत? आणि मला तरी काय माहीत?

(आई दाराशी पडलेल्या मुलीच्या चपला उचलून त्यांचे तळ बघते.)

आई: वर्ग कधी सुरू होतोय?

मुलगी: सोमवारी.

आई: चपला घालून जाऊ नकोस तिथे. रबरी तळाचे बूट घे.

मुलगी: म्हणजे… जाऊ मी?

आई: तू काय थांबणारी आहेस? बापावर गेलीस. जा, शीक. पण चूक त्यांचीच निघाली, तर घरी येऊन मला सांगू नकोस.