आत्याबाईंची उंची

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या.

“बहात्तर वर्षं शाकाहारी आहे मी. एक हाड मोडलेलं नाही!”

“शाकाहाराला कोण नावं ठेवतंय, वन्सं? पण तुमच्या वाटचं दूध मांजर पितं.”

“म्हणून तर ते कसं उड्या मारतं बघ.”

“आणि कॅल्शियमच्या गोळ्या गुलाबाच्या कुंडीत सापडल्या.”

“त्याचे काटे बघितलेस? लोखंड आहे लोखंड!”

“माझा लेक काय म्हणालाय लक्षात आहे ना? हाडं ठिसूळ निघाली, तर तुमची गच्चीवरची खोली बंद. खाली माझ्या खोलीत राहायचं.”

“तुझं घोरणं ऐकत? त्यापेक्षा हाडं मोडलेली बरी.”

“हल्ली स्वयंपाकघरातल्या फळीला हात पुरत नाही तुमचा.”

“त्या मेल्या सुताराने फळी वर सरकवलीय.”

“आजी, या. आधी उंची घेऊ,” सिस्टर म्हणाली. “एकशे बावन्न. जुन्या कागदावर तर एकशे सत्तावन्न आहे. हाडं ठिसूळ झाली की अशी उंची घटते.”

“तुमची पट्टी आखडलीय. परत घ्या.”

“वन्सं, टाचा खाली टेकवा.”

“तू मध्ये बोलू नकोस.”

“अहो, पडाल! माझा हात धरा!”

धप्पकन आवाज झाला. थोड्या वेळाने आत्याबाई भाच्याशी फोनवर बोलत होत्या.

“अरे, माझी गादी खाली तुझ्या आईच्या खोलीत आणून टाक. नाही रे, मला काय धाड भरलीय! तिची वेणी घालायला कुणीतरी हवं ना. मी तिच्या अंगावर पडले. तिचं मनगट मोडलंय.”