चक्क्याचं फडकं

खाली ठेव, खाली — टेबलावर नको ती बादली, फरशीवर. आणि झाकण उघडायची घाई करू नकोस, वास मला इथूनच येतोय. मंडळातल्या रेणूचा फोन आला होता सकाळी — काकू, ऋषी म्हणून येईल, नागपूरचा आहे, अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये असतो, बिचाऱ्याची बीअर आंबली. बिचारा म्हणे. तुम्हा लोकांना बिचारं कोण करतं रे? इथे अमेरिकेत हर्नडनपासून अ‍ॅशबर्नपर्यंत ज्याला ज्याला वीकेंडला करमत नाही तो एक किट मागवतो, बीअर करायला बसतो, पहिल्या दोन वेळा वाट लावतो आणि मग शनिवारी दुपारी माझ्या बेसमेंटच्या पायऱ्या उतरतो — रत्नाकाकू, जरा बघा ना काय झालं. बघते. मी स्वतः थेंबभर पीत नाही, वासानेच डोकं धरतं माझं, पण बघते. पुण्याला एका डेअरीच्या लॅबमध्ये नऊ वर्षं काढलीयेत मी, एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, हा मायक्रोस्कोप लेकीने घेऊन दिलाय, आणि मूर्खपणा बघायची मला आता सवय झालीये. बस. त्या स्टुलावर नको, खुर्चीवर बस.

हे काय? फोनवर काय दाखवतोयस? एक्सेल शीट — देवा. बीअर आंबली म्हणून एक्सेल शीट केलीस तू. दर चार तासांनी टेंपरेचर लिहिलंयस, वा, झोपत होतास की नाही? आणि हा कॉलम कसला, ‘सस्पेक्टेड सोर्स’ — आणि त्याखाली काय लिहिलंयस, नेत्रा. पुन्हा नेत्रा. तिसऱ्या ओळीत पुन्हा नेत्रा. नेत्रा म्हणजे बायको ना तुझी? छान. म्हणजे तू इथे बीअर तपासायला आलेला नाहीस, बायकोविरुद्ध पुरावा गोळा करायला आलायस. काकूंनी लिहून दिलं की घरी जाऊन नाचवायचं तिच्यासमोर. किती दिवस बोलत नाही ती तुझ्याशी? — आठ. आणि तूही तोंड फिरवून बसलायस आठ दिवस. एका बादलीसाठी.

काय केलं तिने, ते तरी सांग. सावकाश सांग, मीटिंगमध्ये बोलल्यासारखं नको. हं — हवा जायची नळी चोंदली. चोंदणारच, गळ्यापर्यंत भरली होतीस बादली, वर चार बोटं जागा सोडायची असते हे कुणी सांगायला हवं का, दूध तापवताना तरी कळतं की नाही माणसाला. मग गॅस कोंडला, झाकण उडालं, सिलिंगला फेस. अपार्टमेंटच्या सिलिंगला, पांढऱ्या. आणि तू कुठे होतास? कॉलवर. आणि तिने काय केलं — झाकण उचललं, पुसलं, परत लावलं. बस? एवढंच? अरे, तिने तुझी बीअर वाचवायचा प्रयत्न केला, ती तशीच उघडी राहिली असती तू कॉलवरून उठेपर्यंत तर चिलटं पोहली असती त्यात. आणि तू म्हणतोस तिने कंटॅमिनेट केलं. तिच्या हातांना काही लागलं असेल म्हणतोस. हात — सगळ्यांना हातच दिसतात आधी. आणि ते घनता मोजायचं हायड्रोमीटर कुणी फोडलं? तू. ते काचेचं एवढंसं, बोटभर, तेही सिंकमध्ये फोडलंस, ते नेत्राच्या नावावर नाही का लिहिलं? लिही की, जागा आहे अजून कॉलमात.

थांब, थेंब घेऊ दे मला. हलवू नकोस टेबल. — हं. हं, ये इकडे. एक डोळा मिट आणि बघ. त्या अंड्यासारख्या गोल गोल दिसतात त्या यीस्टच्या पेशी, त्या तुझ्या, त्या ठीक आहेत, धट्ट्याकट्ट्या आहेत. आणि मध्ये मध्ये त्या काड्या? आणि मण्यांच्या माळा? हं, त्या. ओळखीच्या वाटतात? तुला कशा वाटतील, मी नऊ वर्षं रोज सकाळी बघितल्यात त्या. दही आहे ते. दही रे, दही — आपलं, घरचं, विरजण लावून केलेलं दही. बीअरमध्ये दही लावलंस तू. आता सांग, बीअर गाळली कशाने? चाळणीने नाही, किटमध्ये चाळणी नसतेच. तोंड का उतरलं? बोल. फडक्याने. कुठल्या फडक्याने?

मला वाटलंच. यूट्यूबवरचा तो दाढीवाला म्हणाला मलमलीचं कापड घ्या, आणि तुला आठवलं, आहे की घरात मलमलीचं कापड, उगाच कशाला मागवायचं — ओट्याच्या ड्रॉवरमधलं, नेत्राचं, चक्का टांगायचं फडकं. पाडव्याला श्रीखंड केलं असेल तिने. केलं ना. डिशवॉशरमध्ये टाकलं होतं म्हणे, दोनदा. डिशवॉशर काय गंगा आहे का? सुती कापडाच्या धाग्याधाग्यात बसलेलं असतं ते, वर्षानुवर्षं बसतं, म्हणून तर त्या फडक्यातलं श्रीखंड चांगलं लागतं. आणि उकळतं असताना गाळलं असतंस तरी मी गप्प बसले असते, सगळं मेलं असतं. पण नाही, गार करून, छान कोमट करून, मग गाळलंस. आणि गव्हाची बीअर, जिवाणूंना रोखणारी ती कडू फुलं, हॉप्स, तीही चिमूटभर — त्या जिवाणूंना आमंत्रणच धाडलंस. अमेरिकन लोक शंभर प्रकारे बीअर नासवतात, मी सगळे बघितलेत — कुत्र्याचे केस काय, गॅरेजमधलं पेट्रोल काय — पण चक्क्याच्या फडक्याने नासवायला आपलाच माणूस लागतो. आणि ते ड्रॉवरमधून काढलं कुणी? नेत्राने? तू. तू काढलंस, तू गाळलंस आणि एक्सेलमध्ये तीनदा तिचं नाव लिहिलंस.

आता ही बादली. ओतून दे, आणि बादली पण टाक, प्लॅस्टिकला चरे पडलेत आतून, घासणीने घासलीस ना? घासलीसच. आणि तोटीची बादली घेतलीयेस वर. खाली तोटी लावलेली, सोयीची, बरणीत सरळ ओतता येतं — सगळे नवशिके हीच घेतात. तोटी उघडून धुतलीस का कधी? नुसतं पाणी सोडून नाही, काढून, पान्याने नट काढून, दोन तुकडे वेगळे करून? नाही ना. कुणीच करत नाही. वरून लख्ख दिसते. आत त्या रबराच्या चकतीमागे पांढरी कड धरते, ही एवढी बारीक, नखाने निघते, आणि वास — चक्क्याचा वास येतो तिला, आंबट-गोड, तीन महिन्यांनीसुद्धा. मला कसं माहीत म्हणजे? मी उघडलीये. एकदा उघडली होती.

माझी नाही रे, मी कशाला बीअर करतेय. केयाची. आमची मुलगी. हे सगळं सामान तिचंच होतं इथे, ह्या भिंतीला. ती आणि तिचा बाबा — वर ज्यांनी दार उघडलं ना तुला, ते — दोघं मिळून करायचे, दर रविवारी, चार वर्षं. चांगली करायचे, लोक म्हणायचे. तो माणूस एरवी घरात चार वाक्यं बोलत नाही, पण रविवारी इथे खाली दोघं बडबडत असायची, ती इंग्लिशमध्ये आणि ते मराठीत, मला वर ऐकू यायचं. मग तिने नोकरी सोडली. चांगली ऑडिटमधली नोकरी — म्हणाली, बाबा आणि मी टॅपरूम काढणार, आमचीच बीअर तिथे बसून प्यायला. काढलीही असती. लाउडनमधले एक ब्रुअरीवाले चव घ्यायला येणार होते, सगळं ठरलं होतं. आणि त्याच्या आधी एक बॅच आंबली. मग दुसरी. आणि तिसरी, ती माणसं आली त्या दिवशीची, त्यांनी घोट घेतला आणि एकमेकांकडे बघितलं. आता संजीवची, म्हणजे ह्यांची, सवय होती, वाईट सवय होती ती, मी पण ओरडायचे — झाकण उघडून बघायचं, बोट बुडवून चव घ्यायची. केया म्हणाली, बाबा, इट्स यू, यू टच एव्हरीथिंग, आय टोल्ड यू अ मिलियन टाइम्स. ह्या इथे उभं राहून म्हणाली. त्यांनी हातांकडे बघितलं स्वतःच्या. महिन्याभरात ती ओरेगनला गेली, तिथे कुणाच्या तरी ब्रुअरीत काम करते. फोन करते, मला करते. ते समोर असले की म्हणते, आई, नंतर बोलू.

तोटीचं काय, तोटीचं काय. सांगते ना. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीला श्रीखंड माझ्याकडे होतं, दीडशे माणसांचं. एवढं दही टांगणार कुठे? आणि खाली केयाची अशीच बादली पडलेली, स्वच्छ, खाण्याचीच, आणि खाली तोटी — फडक्यात दही ठेवून आत बसवलं की पाणी आपोआप तोटीने निथळतं, नुसतं पातेलं ठेवायचं खाली. इतकं छान झालं, सगळ्या बायकांनी विचारलं काय युक्ती केलीस. मी धुऊन ठेवली परत. गरम पाण्याने, साबणाने, तीनदा. मी. एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी. तोटी नाही उघडली. तिसरी बॅच गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी थेंब घेतला, ह्याच मायक्रोस्कोपखाली, आणि त्या माळा बघितल्या. मग पाना आणला आणि उघडली. नखाने काढलं आणि वास घेतला. मग ती तोटी कागदात गुंडाळून गार्बेजमध्ये टाकली आणि दुकानातून नवी आणून लावली, तशीच, त्याच रंगाची. केयाने विचारलं, आई, काय दिसलं? मी म्हटलं, काही कळत नाही, हवेतून आलं असेल. हवेतून. नऊ वर्षं डेअरीत काढलेल्या बाईने सांगितलं, हवेतून.

काय बघतोस असा? तुला हसू येत असेल — इतका वेळ मी तुला शहाणपण शिकवतेय. येऊ दे. मी त्या दिवशी सांगणार होते, खरं सांगते, संध्याकाळी सांगणार होते. पण ती इतकी चिडलेली, आणि ते इतके गप्प, आणि मला वाटलं निवळेल, बापलेकीचं काय एवढं. नाही निवळलं. आणि मग दर महिन्याने ते जास्त अवघड झालं. तुला माहितीये, तो माणूस आता कणकेला हात लावत नाही. कैरीचं लोणचं त्यांच्याच हातचं व्हायचं आमच्याकडे, आता बाजारचं आणतो. कोपरापर्यंत हात धुतात, ऑपरेशनला निघाल्यासारखे, आणि तरी लांब उभे राहतात. परवा शेजारच्या अनिकाचं बाळ त्यांच्याकडे झेपावलं तर हात मागे घेतले. माझे हात चांगले नाहीत म्हणाले. हसत म्हणाले, पण म्हणाले. मी तिथेच उभी होते. मी म्हटलं, चला, उशीर होतोय.

म्हणून तर हे सगळं. नाहीतर मला काय हौस आहे तुमच्या नासक्या बादल्या हुंगायची? सगळ्यांना वाटतं काकू दिलदार आहेत, शनिवार घालवतात पोरांसाठी. मी शोधत असते की कुणाची तरी खरंच हवेतून आलेली निघेल. किंवा कुणाच्या तरी हाताने झालेली. एकदा तरी. पंच्याहत्तर-ऐंशी बादल्या झाल्या असतील — फडकी निघाली, तोट्या निघाल्या, नळ्या निघाल्या, हात कुणाचाच नाही निघाला अजून.

काय? मग काकांना सांगितलंत का, म्हणजे? — काय प्रश्न आहे हा? तुला कुणी विचारलं? तू कोण लागून गेलास, काल यूट्यूब बघून बादली आणलेला, मला विचारायला? ऊठ. ऊठ, आणि ही बादली घे. नाही, राहू दे, ओतते मी, तू नीघ. ती एक्सेल शीट आत्ता इथे डिलीट कर, माझ्यासमोर. आणि घरी जाऊन जेवायच्याही आधी नेत्राला सांग, फडकं मी काढलं होतं, तुझी काही चूक नव्हती. तोंडाने सांग, मेसेज करू नकोस. आठ दिवसच झालेत तुझे, आठ दिवसांचं सांगता येतं अजून.

आणि हे बघ — वर संजीवकाका असतील दाराशी. ते विचारतील तुला, जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, काय निघालं, हात लागला होता का कुणाचा? फडकं होतं म्हणून सांग त्यांना. हात नव्हता म्हणावं, हाताने नाही होत असं, काकूंनी सांगितलं. बाकी काही बोलायचं नाही. एवढं नीट सांग, त्यांच्याकडे बघून सांग, आणि जाताना दार ओढून घे.