पुढचे तीन शब्द

दवाखान्यात श्यामलाताईंचा नंबर अजून लांब होता. शेजारी मांजरी गावच्या सोजरबाई नवऱ्याचा रिपोर्ट इंग्रजीच्या निवृत्त मास्तरांकडून वाचून घेत होत्या.

“बोट ठिवून वाचा, मास्तर.”

“‘द ट्यूमर इज स्प्रेडिंग स्लोली.’ गाठ पसरतेय.”

“कशी पसरतीया?”

“स्लोली म्हणजे हळूहळू.”

“आन् कुठं?”

“ते लिहिलेलं नाही.”

“नीट बघा की.”

“अहो, क्रियापदाला ‘कसं’ विचारा, ‘कुठे’ विचारा, हेच तीस वर्षं शिकवलं मी. इथे वाक्य संपलंय.”

“मला वाचता येत न्हाई, मास्तर. पर तुमचं बोट थांबलंय, त्याच्या म्होरं त्याच वळीत आजून तीन शब्द हायेत.”

मास्तरांचं बोट हललं नाही.