पावावरची नेच्याची डहाळी

नाव: डेस्मंड क्रॉथर, वय: ७१ वर्षे, धंदा: बेकरी, राहणार: मेन रोड, स्वॉन्टन, टास्मानिया.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील गावी मी व माझी पत्नी मर्ना लाकडाच्या भट्टीची बेकरी चालवतो. गेल्या हिवाळ्यापासून ब्रायनी आमच्याकडे पाव करण्यास होती. हे तिचे खरे नाव नव्हे. खरे नाव या जबाबात येऊ नये, अशी माझी विनंती आहे. नवऱ्याने तिच्या जवळपास फिरकू नये, असा कोर्टाचा हुकूम आहे. ती आली तेव्हा तिचा डावा हात मनगटात वळत नव्हता. पुढे कणीक मळता मळता वळू लागला.

दुकानात माणसांचे फोटो काढू नयेत, अशी पाटी मी स्वतः रंगवून लावली. सगळे जग जिच्याकडे शोधाशोध करते, त्या कंपनीच्या नकाशातून दुकानही काढून टाकले. त्याबरोबर हायवेवरचे प्रवासी बंद झाले. लोक आता रस्ता बघत नाहीत, फोन बघतात. गावच्या गिऱ्हाइकावर भट्टीचे सरपणही सुटेना. तेव्हा ब्रायनीच म्हणाली, "म्हातारबा, दुकान परत नकाशात घाला. माझ्यापायी उपाशी मरणार का?"

मी म्हणालो, "पाव विकणारा कसला उपाशी मरतोय?"

"शिळा खाऊन मरेल," ती म्हणाली. मर्नाला हसू आवरेना. दुकान परत घातले.

आमच्याकडे रीत अशी की, भट्टीत सारण्याआधी ज्याने त्याने आपल्या पावावर पात्याने आपली खूण चिरायची, म्हणजे कुणाचा फुलला नि कुणाचा बसला ते कळते. माझी साधी फुली. ब्रायनी नेच्याची डहाळी काढी, एका अंगाचे शेवटचे पान सोडून. आईने शिकवली, म्हणे. प्रवासी त्या पावाचे फोटो काढत व नकाशात दुकानाच्या नावाखाली टाकत. पाटी माणसांपुरती होती. पावाचे कुणाच्या ध्यानात आले नाही, तिच्याही नाही.

मंगळवारी दुपारी एक इसम आला. मी त्याला ओळखत नव्हतो. तो म्हणाला, "या वेळी गर्दी नसते ना? फोनवर तसं दाखवतात."

मी म्हणालो, "मग मला कशाला विचारता? फोनला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

तेवढ्यात ब्रायनी पावांची फळी घेऊन आतून आली. तिने फळी पडू दिली नाही, सावकाश खाली ठेवली.

तो तिला म्हणाला, "घरच्या पावाचा जुना फोटो होता. तो फोनमध्ये टाकला नि म्हटलं, असाच दुसरा दाखव. वर्षभर मी वणवण केली, त्यानं चुटकीसरशी दाखवला."

मी मध्ये उभा राहिलो. मर्नाने पोलिसांना फोन लावला. त्याने ब्रायनीच्या हातचा एक पाव उचलला, पैसे ठेवले व निघून गेला. कुणाला हात लावला नाही.

त्याच संध्याकाळी तुमच्या ठाण्यातल्या बाईसाहेबांनी ब्रायनीला दुसरीकडे हलवले. कुठे, ते मी विचारले नाही. जाताना ती मला म्हणाली, "पावाचं आंबवण झाकून ठेवलंय. त्याला उद्या पीठ खायला घाला."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या नावाखाली त्या इसमाचा अभिप्राय दिसला. पाच तारे, व खाली, 'जे शोधत होतो ते मिळालं.' तो काढावा म्हणून मी कंपनीला लिहिले. यात नियमाविरुद्ध काही आढळले नाही, असे उत्तर आले. माणसाशी बोलायची सोय नाही. अभिप्राय अजून तिथेच आहे. गिऱ्हाईक वाढले आहे.

तिने ती खूण पुन्हा कधी काढू नये व आम्ही तिला फोनवर शोधू नये, असे बाईसाहेबांनी आम्हाला समजावले आहे. मर्ना विचारते, "नुसती बरी आहे का, एवढंही बघायचं नाही?" मी नाही म्हणतो.

ती तुमची कोण, असे साहेबांनी शेवटी विचारले. 'कोणी नाही' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. त्या जागी काय लिहावे ते मला सांगता आले नाही, म्हणून जागा कोरी ठेवली आहे. बाकी जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे.