उसना बर्फ

२०२३ चा ऑक्टोबर. पाऊस सरला होता, ऊन चटके देत होतं. रत्नागिरी बंदरावर माझा मासळीचा धंदा. शेजारच्या नेने बाई कॉलेजात रसायन शिकवतात. तिथलं बर्फाचं मशीन बंद पडलं, तर बाई टब घेऊन माझ्या दारात.

“काका, बर्फ द्या. आयोडीनचं संयुग तापवून तयार आहे. आता गार केलं नाही तर स्फटिक धरणार नाहीत, सगळं फुकट जाईल.”

माझी सुरमई उघडी पडत होती, तरी दिला. बंदरावर उसना दिलेला बर्फ बर्फानेच फेडतात, तेही सांगितलं.

संध्याकाळी बाई तोच टब घेऊन हजर. अर्धा बर्फ, अर्धं पाणी.

“यात नुसतं भांडं बुडवलं होतं, काका. बर्फ स्वच्छ आहे.”

“भांड्यात होतं काय?”

“आयोडीन एरवी एकाच अणूचा हात धरतं. आम्ही ऑक्सिजन जोडून त्याला जास्त हात धरायला लावतो. औषधं बनवताना ते अल्कोहोलला अल्डिहाइडपर्यंत पुढे नेतं आणि त्या नेमक्या जागी थांबतं, आम्ल होऊ देत नाही. फक्त सुकल्यावर तापवलं किंवा ठोकलं, तर स्फोट होतो.”

“आणि हा टब मी सुरमईवर ओतू?”

“मग पैसे देऊ का?”

“बाई, तुमचं आयोडीन नेमक्या जागी थांबतं, तुम्ही कधी थांबणार? बर्फ नेलात, बर्फ आणा. खायच्या मासळीवर घालता येईल असा.”

सकाळी बाई रिक्षातून जेटीवर उतरल्या. नवा टब, फॅक्टरीचा बर्फ, वितळत्या बर्फाने साडी ओलीचिंब. टब त्यांनी स्वतःच माझ्या सुरमईवर पालथा केला.