ताडपत्रीला कुलूप

हॅलो?… हॅलो?… एक्स्चेंज ना?… हो बाई, घोटीच पाहिजे. अर्जंट लावलाय मी. तोडू नका… हॅलो? घोटी का? पुतळाबाईंची खानावळ?

…तुम्हीच का पुतळाबाई? अहो, मी नाशिकवरनं बोलते. गंगापूर रोडवरनं, डॉक्टरांच्या दवाखान्यातनं. लता बोलते, सहादू फुलवाल्याची बायको… अहो सहादू, ज्यांची फुलांची पिकअप तुमच्या दारात भाकरीला थांबते. यादव ड्रायव्हर ठाऊक हाय ना?… हां, तोच, मिशीवाला. त्यानंच तुमचा नंबर लिहून दिला होता, गाडी बंद पडली तर म्हणून. आला का तो?

…नाय अजून? नक्की ना? निळी गाडी, मागं नवीकोरी हिरवी ताडपत्री. एकदा बाहेर डोकावता का… हो, हो, थांबते.

…नाय ना? बरं झालं. मग पुढं गेला नसेल. पुतळाबाई, आता नीट ऐका. ती गाडी थांबवायची. काय वाटेल ते करा, पण घाटाला लागू देऊ नका… तो थांबतो हो एरवी, पण आज उशीर झालाय त्याला. भाकरी नको म्हणून सरळ निघाला तर?

…माल गेला चुलीत. गाडीत माणूस हाय. माझ्या सासूबाई. मागं हौद्यात हायेत, ताडपत्रीच्या आत. यादवला ठाऊकच नाय.

…राहिल्या. बाहेरनं बंद झालं… हो, कुलूप हाय. ताडपत्रीलाच कुलूप. अहो, तुम्ही आधी रस्त्यावर जा ना, मग सगळं सांगते. फोन कोणाच्या तरी हातात द्या, ठेवू नका… हो. जा. पळा.

…हॅलो? कोण?… जेवायला बसलेले? नाव काय बाबा तुमचं?… चिमाजी. चिमाजीबाबा, पुतळाबाई पोचल्या का रस्त्यावर?… बरं. तुम्ही फोन सोडू नका. राहू द्या हात धुवायचं, तसाच खरकट्या हातानं धरा. तिथनं रस्ता दिसतो ना? निळी पिकअप दिसली की मला सांगायचं.

…साठीच्या वर हायेत. दमा हाय त्यांना. दोन जिने चढल्या तरी बसावं लागतं.

…बारा वाजता निघाली गाडी. आता एक वाजून गेला. बाहेर हे असं ऊन, ताडपत्रीला मेण लावलेलं, खाली ओली गोणपाटं. आत नुसती वाफ कोंडली असेल, बाबा.

…आम्हीच बसवली. आज सकाळी. म्हणून तर उशीर झाला, नायतर उन्हाच्या आधी गाडी निघते… पाच लोखंडी कमानी, त्या नटबोल्टनं हौद्याला आवळल्या. वरनं ताडपत्री ताणली. कडेनं पितळी रिंगा असतात, त्यातनं लोक दोरी ओवतात ना? आमच्या मालकांनी तार ओवली. करंगळीएवढी जाड. तारेची दोन्ही टोकं मागं फाळक्याच्या कडीत, आणि कडीला कुलूप.

…कशाला म्हणजे, वाटेत फुलांच्या पाट्या कमी व्हायच्या. यादवनंच घेतल्या असं कोणी तोंडानं म्हटलं नाय. पण त्याला चावी दिली नाय, हे खरं. एक चावी दादरच्या दलालाकडं, एक घरी.

…घरची? ती घेऊन मालकच निघालेत, शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर. पण अजून तास तरी लागेल त्यांना. तासभर आत…

…हो बाई, तीन मिनिटं झाली, कळलं. वाढवा. कितीही वाढवा, पण मधी बोलू नका हो. चिमाजीबाबा? हायेत ना? गाडी?… नाय.

…आत कशाला जायला? पाणी शिंपडायला. रोजचं हाय त्यांचं. गाडी निघायच्या आधी चढतात, गुलाबाच्या पाट्यांवरचं गोणपाट सारखं करतात, पाणी मारतात. गुलाब पुढं असतो, केबिनच्या पाठीला. तिथं वाकून बसल्या असतील, मागनं दिसल्या नाय. मी मागचा पडदा सोडला, तार ओढली, कुलूप लावलं… यादव? तो कुलूप बघून फुगला होता. पुढं जाऊन बसला, मागं फिरकलाच नाय.

…हाक? नाय मारली.

…अहो, आमचं बोलणं बंद हाय, बाबा.

…आठ दिवस. ह्या ताडपत्रीवरनंच. त्या म्हणत होत्या, फुलांना वारा पाहिजे, दोन्ही अंगांना झरोका ठेव, जाळी लाव. मी म्हटलं, झरोक्यातनं धूळ येते, मोगरा मळतो, मग दलाल नाक मुरडतो. ताडपत्री मी शिवली ना, दाभण घेऊन, रोज दुपारची. हाताला घट्टे पडले. आणि ह्या येता-जाता बोलणार, टाके लांब पडलेत, झरोका नाय. एक दिवस माझ्या तोंडातनं गेलं, तुम्ही आयुष्यभर डोक्यावरनं पाट्या वाहिल्या, तुम्हाला गाडीतलं काय कळतंय.

…हो, लागलं त्यांना. लागणारच. तेव्हापासनं अबोला. मी ताट वाढते, त्या जेवतात. मी तांब्या ठेवते, त्या पितात. शब्द नाय. आधी कोणी बोलायचं, एवढंच. गाडी बंद करताना एकदा जरी म्हटलं असतं, आत्याबाई, आत हायेत का… दोन शब्द, बाबा. जीभ झडली नसती माझी.

…त्यांनी ओरडायला पाहिजे होतं, खरं हाय. नाय, मला नाय ऐकू आलं. इंजिन चालू होतं… ठोकलं असेल म्हणता, पण मला नाय आलं ऐकू… नाय म्हणते ना बाबा, काहीच नाय आलं. तुम्ही रस्ता बघा.

…कळलं ते चपलांवरनं. गाडी गेली, मी अंगण झाडायला घेतलं, तर गाडी उभी होती तिथंच त्यांच्या चपला. देवाला जाणारी फुलं, म्हणून पायात घालून त्या कधी गाडीत चढत नाय. दोन्ही नीट जोडून काढलेल्या. मला आधी वाटलं, अनवाणीच मळ्यात गेल्या. मळा बघितला. विहिरीत डोकावले. मग मालकांना चावी देऊन पिटाळलं आणि इथं फोनाला पळत आले.

…काय? आली? निळीच ना?… थांबली?… पुतळाबाई आडव्या उभ्या राहिल्या? लागलं नाय ना त्यांना?… बरं. बरं, बाबा, आता मी सांगते तसं तिथनंच ओरडून सांगा. यादवला फोनवर नका आणू, वेळ जाईल. कुलपाच्या नादाला लागू नका म्हणावं, तार तुटायची नाय. ताडपत्री फाडा. पण कुठंही सुरी घालू नका, त्या कुठं पडल्या असतील ठाऊक नाय. डाव्या अंगाला, पुढनं दुसरी कमान. तिथं उभी शिवण हाय. ती उसवा.

…काय म्हणतो?… हात लावणार नाय? का?… अहो, चोर तर चोर, आत्ता तो राग काढायचा का? त्याला आत कोण हाय ते सांगितलंत का?… मग आधी ते सांगा ना. आत्याबाई हायेत म्हणावं. सखुबाई. आत हायेत म्हणावं.

…हां… पळाला? कुठं पळाला?… पान्यांची पेटी नको, पान्यानं नाय व्हायचं. विळी न्या. पुतळाबाईंची विळी न्या म्हणावं. तिथले टाके लांब हायेत, सगळ्यात शेवटी घातलेले, कंटाळून. लगेच तुटतील.

…लागली विळी? तुटतायत?… हाक मारा म्हणावं आतमधी. नाव घेऊन मारा… काय उत्तर?… परत मारा… यादवचा आवाज येतोय मला इथपर्यंत. त्यांचा येतोय का?

…बाबा?

…बोला ना काहीतरी. काय दिसतं तेवढं सांगा.

…हात दिसला. बरं. हलतो का?… बाबा, हात हलतो का त्यांचा?

…ओढताय बाहेर. हो. हळू, खांद्याला धरा म्हणावं… श्वास? श्वास बघा… चालू हाय? नक्की, बाबा? छाती हलते?… डॉक्टर, श्वास चालू हाय म्हणतात… हो, सांगते. चिमाजीबाबा, डॉक्टर म्हणतात सावलीत निजवा. मानेवर, काखेत ओलं फडकं. पूर्ण शुद्ध आल्याशिवाय पाणी नाय पाजायचं, मग घोट घोट. आणि भोवती गर्दी करू नका.

…उलटी झाली? डोळे उघडले? मग चालेल, कुशीवर ठेवा… यादवनं उचलून आणलं, एकट्यानं?… रडतोय? त्याला म्हणावं… नको, काय म्हणणार त्याला. मी नंतर बोलेन त्याच्याशी. तोंड असेल तर.

…हो बाई, वाढवा. अजून वाढवा.

…पुतळाबाई? अहो, तुमच्या पाया पडले पाहिजे मी… बसल्या उठून? खाटेला टेकून? बोलल्या काय?… पाट्या सावलीला उतरवा म्हणाल्या? अजून पाट्याच… बरं. पुतळाबाई, त्यांना फोनपाशी आणता का? डॉक्टर म्हणतात तिथंही एकदा दाखवून घ्या, पण मला त्यांचा… नको म्हणतात? खाट जवळच हाय ना, मग वायर पोचेल. नुसता कानाला लावा. नाय बोलल्या तरी चालेल मला.

आत्याबाई?… मी, लता.

…ऐकू येतोय तुमचा दम. बोलू नका. मीच बोलते.

आत्याबाई, मी इथं सगळ्यांना खोटं सांगितलं. ह्यांनाही. त्या बाबांनाही आत्ता. काय ऐकू नाय आलं म्हणून… तुम्ही दोनदा ठोकलंत. मी चावी फिरवत होते. मला आलं ऐकू. मला वाटलं, तुम्ही त्या अंगाला खाली उभ्या हायेत आणि झरोक्यासाठी पत्र्यावर हात आपटताय. मला वाटलं, आता तुमच्यानं राहवेना. मला बरं वाटलं, आत्याबाई. मी मुद्दाम बघितलं नाय. यादवला म्हटलं, ने गाडी.

…काय?

…दिसत होते मी? पडद्याच्या फटीतनं?

…हो. थांबला होता माझा हात. खरं हाय. थांबला आणि मग फिरवली चावी.

…मग तेव्हा ओरडलात का नाय तुम्ही?… मी आधी कशाला बोलू, असंच ना?… आणि नंतर? घशातनं आवाजच निघेना… हो. हो, आत्याबाई.

…ह्यांना सांगू नको म्हणता? का पण? मी सांगणार हाय, मला… बरं. नाय सांगत. तुम्ही म्हणाल तसं. पण तुम्ही मला बोला काहीतरी. शिव्या द्या.

…हे येतायत तिकडं. त्यांच्याबरोबर सावकाश घरी या, एसटीनं या पाहिजे तर… मग कुठं?… इगतपुरीला? नवसा वन्संकडं?… लेकीचं घर हाय, नाय कोण म्हणतं, पण अशा अंगानं आत्ताच कशाला… यादव केबिनमधी बसवून नेतो म्हणतो? तुम्हीच म्हणालात त्याला?… हे येईपर्यंत तरी थांबा ना. अर्धा तास.

…नाय. बरं. तिथं डॉक्टरला दाखवा. वन्संना सांगा, रात्री उशी उंच घ्यायची… ठाऊक हाय त्यांना, हो, मी आपलं सांगते.

…मग परत कधी?… आठवड्यानं?… आत्याबाई, परत कधी येणार, तेवढं सांगा.

…हॅलो?… आत्याबाई?

…हॅलो, एक्स्चेंज? बाई, लाइन तुटली. परत जोडून द्या ना. घोटी. अर्जंट लावा.

…नाय तुटली?

…तिकडनं ठेवला.

…नको, राहू द्या. नका जोडू.