गुठळी आणि बटणं

मित्राचं पत्र येऊन महिना झाला होता. ‘यकृतातला पू नळीने काढला, पण शेजारच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे, त्यावर गोळ्या चालू आहेत. तू एवढं वाचतोस, घाबरण्यासारखं आहे का ते कळव.’ निवृत्त ग्रंथपालांनी चार जाड पुस्तकं वाचली, स्वतःच घाबरले आणि उत्तर राहून गेलं. आज ते स्वतःच्या तपासणीसाठी दवाखान्यात बसले होते. शेजारी गळ्यातली मोजपट्टी काढायला विसरलेला एक शिंपी आणि त्याची बायको त्याच्या यकृताच्या सोनोग्राफीसाठी थांबली होती.

“अहो, गोळी घेतलीत?”

“पू गेला, ताप गेला. आता गोळी कशाला?”

“शिरेतली गुठळी गेली का, ते मशीन सांगेल. तुम्ही नका सांगू.”

“रक्त पातळ होतं त्या गोळीने. सुई लागली तर थांबायचं नाही.”

“म्हणून तर बटणं मी लावतेय. गिऱ्हाईकं म्हणतात, हल्ली काम सुधारलंय!”

“हसू नकोस. त्या गोळीने गुठळी सुटून हृदयाकडे गेली तर?”

“डॉक्टरांना विचारलंत?”

“धीर होत नाही.”

“मग मला तरी सांगायचं! मी समजत होते, नवरा नुसता आळशी आहे.”

“आळशी आहेच. भ्यायलोयसुद्धा.”

“हे घ्या पाणी. गिळा आधी, मग दोघं मिळून विचारू.”

ग्रंथपाल नंबर सोडून उठले. समोरच्या पोस्टातून कार्ड घेऊन त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं, ‘पुस्तकं वाचून मीच घाबरलो, म्हणून लिहिलं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नकोस. रविवारी येतो.’ आणि पुन्हा वाचून न बघता ते पेटीत टाकलं.